मध्यंतरातली परीक्षा

धडक मला दिसली नाही, ऐकू आली. मी खाली वाकून बाटल्यांमध्ये मीठ-साखरेचं पाणी भरत होते, आणि नारळ फरशीवर आपटावा तसा आवाज आला. मान वर केली तर आमचा गोलकीपर दस्तगीर मुजावर गवतावर पालथा पडला होता. शेजारी सिंहगर्जना तालमीचा स्ट्रायकर गुडघा धरून लोळत होता. चेंडू मात्र दस्तूच्या पोटाखाली होता, म्हणजे गोल वाचला होता. स्टेडियम गप्प झालं. फायनलच्या दिवशी कोल्हापुरातलं स्टेडियम गप्प होतं म्हणजे काय, ते तिथं बसलेल्यालाच कळेल.

रेफरीनं हात केला आणि मी बॅग घेऊन धावले. मी पोचेपर्यंत दस्तू उठून बसला होता.

"दस्तू, इकडं बघ. कुठं लागलं?"

"कुठं न्हाई, मॅडम. त्या गड्याच्या गुडघ्याला विचारा की. माझं डोकं लागलंय त्याला."

भोवतीची पोरं हसली. कॅप्टन ऋतुराज साळोखेनं त्याला बगलेत हात घालून उभं केलं. दस्तूनं दोन उड्या मारल्या, हातमोज्यांवर थुंकला आणि चेंडू असा लांब लाथाडला की आमच्या बाजूची गॅलरी पिसाळली. मी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघणार होते, तेवढ्यात रेफरीनं मला बाहेर व्हायला सांगितलं. मध्यंतराला थोडाच वेळ होता. तो वेळ मी नखं खात काढला.

आता मी तिथं काय करत होते ते सांगायला हवं. मी मूळची नाशिकची. कोल्हापुरात पीएच.डी. करत होते आणि पोटापाण्यासाठी रणझुंजार तालमीच्या फुटबॉल संघाबरोबर खेळविज्ञानाचं काम बघत होते. कोण किती पळाला, कोणाची मांडी भरून आली, कोणाला कधी विश्रांती द्यायची, असली सगळी कामं. पहिल्या महिन्यात मी पोरांना पळण्याची मोजणी करणारी छोटी यंत्रं बसवलेली जाकिटं घालायला दिली. ती घट्ट, छातीपुरती जाकिटं बघून आख्खी तालीम हसून लोळली होती. "मॅडमनी चोळ्या आणल्या रं!" असं कुणीतरी ओरडलं, आणि तेव्हापासून मी गल्लीत 'चोळीवाल्या मॅडम' झाले. मला राग यायचा, पण पोरं मनानं बरी होती. सकाळी सरावाला माझी गाडी चालू झाली नाही तर ढकलायला चौघं धावायची.

माझा प्रबंध मात्र डोक्याच्या माराबद्दल होता. फुटबॉलमध्ये डोकं आपटतं, खेळाडू उठतो, हसतो, खेळत राहतो, आणि आत मेंदूला काय झालंय ते कुणालाच दिसत नाही. लगेच दुसरा मार बसला तर मात्र माणूस कायमचा अधू होऊ शकतो, क्वचित जातोसुद्धा. म्हणून हंगामाआधी प्रत्येक खेळाडूची एक साधी परीक्षा घेऊन ठेवायची. दहा शब्द वाचून दाखवायचे, ते आठवून सांगायचे. आकडे उलटे म्हणायचे. डोळे मिटून एका पायावर उभं राहायचं. मग हंगामात डोकं आपटलं की तीच परीक्षा पुन्हा घ्यायची. आधीपेक्षा गडबड झाली तर खेळाडू बाहेर. शहरातल्या सगळ्या तालमींमध्ये हिंडून मी ही परीक्षा घेतली होती, आणि ती मैदानावर भरवशाची आहे एवढंच मला प्रबंधात सिद्ध करायचं होतं. लिहून जवळजवळ झालं होतं. माझे गाईड नाडकर्णी सर खूश होते. महिनाअखेर प्रबंध सादर करायचा होता.

आमचे कोच शामराव इंगवले, सगळ्यांचे मामा. त्यांचा या प्रकाराला विरोध होता. "डोकं आपटलं म्हणून पोरं बाहेर बसवाय लागलो तर अकरा माणसं आणू कुठनं? तुमच्या नाशकातनं?" असं ते म्हणायचे. मी म्हणायचे, शंका आली तरी बाहेर बसवायचं, जगभर हाच नियम आहे. ते म्हणायचे, शंका तर मला तुमच्यावर पण हाय. शेवटी दोघांनी मिळून तोडगा काढला होता. डोक्याला लागलं तर मी परीक्षा घेणार. नापास झाला तर मामांनी हट्ट करायचा नाही, पास झाला तर मी आडवं यायचं नाही. तालमीतल्या मारुतीसमोर मामांनी तसा शब्द दिला होता आणि माझ्याकडूनही घेतला होता. आणि इंगवले मामा शब्दाचे पक्के, हे मान्यच करावं लागेल.

मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा शून्य-शून्य होतं. ड्रेसिंग रूममध्ये घामाचा आणि बामचा वास कोंडला होता. मी दस्तूला कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं.

"लवकर आटपा, मॅडम," मामा म्हणाले. "मला बोलायचंय पोरांशी."

"लवकरच आटपते."

दस्तू माझ्याकडं बघून हसला, पण त्याचा पाय सारखा हलत होता. तो का घाबरलाय ते मला माहीत होतं. व्हीआयपी गॅलरीत एका मोठ्या कंपनीच्या संघाची निवड करणारे दोन साहेब बसले होते. खेळाडूंच्या कोट्यातून एक गोलकीपर घ्यायचा होता. कायमची नोकरी. दस्तू भावाच्या दुकानात गाड्यांची सीट कव्हरं शिवायचा, घरात लहान मुलगी होती, आणि पुढच्या वर्षी त्याचं वय त्या कोट्यात बसणार नव्हतं. म्हणजे उरलेला अर्धा सामना हीच त्याची मुलाखत होती.

"कुलूप, आंबा, दोरी, पाटी, घोडा," मी वाचायला लागले. दहा शब्द वाचले. "सांग."

"कुलूप. घोडा... दोरी. आंबा." तो थांबला. "पुढचं न्हाई येत."

"आकडे उलटे म्हण." त्यानं चार आकड्यांपर्यंत नेलं आणि अडखळला. डोळे मिटून एका पायावर उभा राहिला तेव्हा दोनदा झोकांडी गेली. मी टॅबवर दिवाळीआधीचे, म्हणजे हंगामाआधीच्या परीक्षेतले त्याचे आकडे उघडले. तेव्हाही चारच शब्द. तेव्हाही चारच आकडे. तेव्हाही अशीच झोकांडी.

"काय झालं?" मामांनी विचारलं.

"तसंच आहे. फरक नाही."

"म्हंजे पास?"

"पास," मी म्हणाले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. मलाही तो खेळायलाच हवा होता. मलाही तो चषक हवा होता, दस्तूला ती नोकरी हवी होती, आणि माझ्या परीक्षेनं भर फायनलमध्ये काम केलं होतं. नाडकर्णी सरांना हा प्रसंग कसा सांगायचा ते मी मनात जुळवतसुद्धा होते.

मामा बोलले. आवाज चढवून, शिव्या देऊन, शेवटी डोळ्यांत पाणी आणून, नेहमीसारखे. मग पोरं दस्तूभोवती गोळा झाली. आमच्या संघाची ही एक रीत होती. मैदानात उतरण्याआधी सगळ्यांनी समोरच्या संघातल्या एकेकाचं नाव घ्यायचं, आणि तो पेनल्टी कुठं मारतो ते दस्तूनं सांगायचं. शहरातल्या झाडून सगळ्या खेळाडूंच्या पेनल्ट्या त्याला पाठ होत्या, कोणी कोणत्या वर्षी कोणत्या सामन्यात कुठल्या पायानं मारली त्यासकट. पोरं त्याला 'पाढे म्हणणं' म्हणायची. त्यात पोरांना चेव यायचा.

"खाडे!" कुणीतरी ओरडलं.

"डावा पाय. माझ्या उजवीकडं, खाली."

"चव्हाण!"

"मधी मारतोय. हलायचं न्हाई जाग्यावरनं."

"पायमल!"

दस्तूचं तोंड उघडं राहिलं. "पायमल... उजवीकडं. वर."

पोरं खदखदून हसली. कारण पायमल कायम डावीकडं खाली मारायचा, आणि गेल्या वर्षीच्या सेमीफायनलला त्याचीच पेनल्टी अडवून दस्तूनं सामना जिंकून दिला होता. त्या झेपेचा फोटो तालमीच्या दारावर लावलेला होता. "लेका, चेष्टा आता नको," साळोखे त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाला. दस्तूही हसला. पण तो सगळे हसले म्हणून हसला. मी त्याच्या चेहऱ्याकडंच बघत होते. त्यानं चेष्टा केली नव्हती.

एकामागून एक दोन गोष्टी डोक्यात आल्या. पहिली ही, की त्याला आठवत नाहीये. आणि दुसरी, पहिलीपेक्षा वाईट. शंभरभर माणसांच्या पेनल्ट्या ज्याला तोंडपाठ, त्या माणसाला दिवाळीआधी, डोकं शाबूत असताना, दहातले चारच शब्द कसे आठवले होते?

"थांबा," मी म्हणाले.

कुणी थांबलं नाही. पोरं दाराकडं निघाली होती. मी दारात जाऊन उभी राहिले.

"दस्तू, दिवाळीआधी मी परीक्षा घेतली तेव्हा तू मुद्दाम चुकला होतास?"

"न्हाई, मॅडम." त्यानं खाली बघत सांगितलं.

"साळोखे?"

साळोखे नडगीवरचं शिनगार्ड नीट करायला लागला. ते आधीच नीट होतं.

"मॅडम, वाट सोडा," मामा म्हणाले. "रेफरी बोलवालाय."

"मामा, तो खेळणार नाही."

"काय?" मामांचा आवाज एकदम खाली आला. ते चिडले की ओरडायचे, फार चिडले की हळू बोलायचे. "आत्ता पास म्हणालात न्हवं? तुमच्याच तोंडानं? मी मारुतीम्होरं शब्द दिलाय तसा तुमी पण दिलाय."

"दिलाय."

"मग तुमच्याच परीक्षेत पास झालेला गडी तुमी कसा काय बसवालाय?"

त्याला उत्तर एकच होतं, आणि ते तोंडातून काढायला मला फार जड गेलं. साडेतीन वर्षं मी ज्याच्यावर घालवली होती ते सगळं त्या उत्तरात जाणार होतं. नाडकर्णी सर दिसले, घरी आईनं पेढ्यांची ऑर्डर कुठं द्यायची तेसुद्धा ठरवून ठेवलेलं आठवलं. आणि समोर दस्तू उभा होता, एका हातमोज्याचा पट्टा पुन्हा पुन्हा उघडत आणि लावत.

"कारण माझी परीक्षा खोटी आहे," मी म्हणाले. "तिच्यावर विश्वास ठेवू नका."

बाहेर हलग्या वाजत होत्या, त्या एकदम जवळ आल्यासारख्या वाटल्या.

"म्हंजे वरीसभर आम्हाला एका पायावर नाचवलं ते खोटं?" मामा म्हणाले.

"ते खोटं."

"मॅडम," दस्तू पुढं आला. त्यानं माझे दोन्ही हात धरले. मोज्यांमुळं त्याचे हात मोठाले, मऊ लागत होते. "मॅडम, पाया पडतो तुमच्या. वर साहेब बसल्यात. आज बसलो तर माझं संपलं. मला काय हुत न्हाई. बहिणीसारख्या हाय तुमी, असं करू नका."

मला रडू आलं. मी ते आवरलं नाही. "नाही, दस्तू," एवढंच म्हणू शकले.

"वाट सोडा," मामा पुन्हा म्हणाले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला सारलं. ढकललं नाही, पण सारलं. तेवढ्यात मागून साळोखे बोलला.

"मामा, मॅडम खरं बोलालाईत."

"तू गप रं."

"आमीच सांगितलं हुतं त्याला. मीच सांगितलं हुतं. पहिल्या परीक्षेला मुद्दाम कमी शब्द सांगायचं, मुद्दाम झोकांड्या खायाच्या. म्हंजे हंगामात डोकं आपटलं तरी मार्क तेवढंच पडत्यात आणि कोण बाहेर काढत न्हाई." तो माझ्याकडं बघत नव्हता. "सगळ्यांनीच केलंय, मॅडम. आमीच न्हवं, सगळ्याच तालमीत ही आयडिया हाय. तुमाला वाईट वाटंल म्हणून कोण बोललं न्हाई."

मी एकेकाकडं बघत गेले आणि एकेक मान खाली जात गेली. माझी गाडी ढकलणारी, वाढदिवसाला मला फेटा बांधणारी ही पोरं. एकानंही मला वाईट वाटू दिलं नव्हतं. तेव्हा मला त्यांचा फार राग आला होता.

साळोखेनं दस्तूचा उजवा हात हातात घेतला आणि मोज्याचा पट्टा उघडला. दस्तूनं हात मागं ओढला. "ऋत्या, सोड." साळोखेनं सोडलं नाही. लहान मुलाचे बूट काढावेत तसा त्यानं एक मोजा काढला, मग दुसरा. दस्तूनं दुसऱ्या वेळी हात मागं ओढला नाही.

मामांनी दुसऱ्या गोलकीपरला, विश्वजितला, बोटानं खूण केली.

उत्तरार्धात दस्तू माझ्या शेजारी मैदानाकडेच्या डगआउटमध्ये डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. मी पाणी दिलं, त्यानं घेतलं नाही. मी काही विचारलं की मान हलवायचा. तो माझ्यावर रागावलाय असं मी धरून चालले होते, आणि त्याला तो हक्क होता. व्हीआयपी गॅलरीतले साहेब थोड्याच वेळात उठून गेले, ते मी पाहिलं. सामना संपता संपता पायमलनं लांबून एक सरपटता फटका मारला. साधाच होता. विश्वजितच्या पायांमधून गेला. आम्ही एका गोलनं हरलो. मी बॅगा भरून बाहेर आले तेव्हा गॅलरीतून माझ्या नावानं जे ओरडणं चाललं होतं ते लिहिण्यासारखं नाही. चोळीवाली हा त्यातला सगळ्यात सभ्य शब्द होता.

प्रबंधाचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. नाडकर्णी सर आधी संतापले, मग म्हणाले, एका संघाचं सोडून दे, बाकीचं घाल, कोण विचारतंय? मी तसं केलं नाही. मधली तीन प्रकरणं काढून टाकली आणि नव्यानं काम केलं, खेळाडू असल्या परीक्षांना का आणि कसे फसवतात त्याच्यावरच. पदवी उशिरा मिळाली. आईनं पेढे वाटले, पण आधीच्या उत्साहानं नाही. दस्तूला ती नोकरी मिळाली नाही. तो अजून सीट कव्हरं शिवतो.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच माहीत नव्हतं. मी हट्ट धरला म्हणून आम्ही स्टेडियमवरून थेट हॉस्पिटलमध्ये गेलो. मामा, साळोखे, मी आणि दस्तू. दस्तूला स्कॅनसाठी आत नेलं आणि आम्ही तिघं कॉरिडॉरमधल्या खुर्च्यांवर बसलो. मामांनी चपला काढून पाय वर घेतले होते. अजून त्यांच्या गळ्यात संघाचा पट्टा होता.

मी मनात काय मागत होते ते सांगायची लाज वाटते. मला वाटत होतं की काहीतरी सापडावं. मोठं नको, पण काहीतरी. डॉक्टरांनी बाहेर येऊन म्हणावं की बरं झालं याला बसवलंत. दस्तूच्या मेंदूत काहीतरी निघावं अशी इच्छा मी करत होते, तीही आपलं म्हणणं खरं ठरावं म्हणून.

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, घाईत होते. "स्कॅन स्वच्छ आहे," ते म्हणाले. "रक्तस्राव नाही, फ्रॅक्चर नाही. रात्रभर इथंच राहू दे, लक्ष ठेवतो आम्ही."

"म्हंजे काय न्हाई?" मामांनी विचारलं.

"स्कॅनमध्ये काही नाही."

डॉक्टर गेले. मामांनी पाय खाली सोडले आणि चपला शोधल्या. माझ्याकडं न बघता म्हणाले, "स्वच्छ हाय."

"मामा, स्कॅन स्वच्छ असलं तरी मेंदूला बसलेला हादरा त्यात दिसतोच असं..."

"ऱ्हाऊ दे, मॅडम. पुस्तकातलं पुरं झालं आता." आवाज अगदी हळू होता. "चषक गेला. पोराची नोकरी गेली. स्वच्छ हाय म्हणालं डॉक्टर. काय झालं न्हवतं त्याला."

मी साळोखेकडं बघितलं. त्यानं नजर चुकवली. दस्तूचे हातमोजे त्यानं काढले होते, म्हणजे हा दोष त्याच्याही गळ्यात आला होता. मीच म्हणाले होते की माझी परीक्षा खोटी आहे, आणि आता मशीनही माझ्या बाजूनं बोलत नव्हतं.

दार उघडलं आणि वॉर्डबॉयनं दस्तूला व्हीलचेअरमधून बाहेर आणलं. अंगात हॉस्पिटलचा हिरवा झगा, पायात अजून संघाचे मोजे. आम्हाला बघून त्याचा चेहरा उजळला. दुपारपासून पहिल्यांदाच तो मोकळं हसला. मामा उठून त्याच्याजवळ गेले.

"बरं वाटतंय का रं?"

"एकदम. मामा, मी तयार हाय." त्यानं कॉरिडॉरच्या टोकाकडं, ट्यूबलाइटकडं डोळे किलकिले करून बघितलं. "फक्त एक सांगा. दुसऱ्या हाफला ऊन माझ्या डोळ्यांवर येतंय का?"

साळोखे खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला. मामांनी माझ्याकडं बघितलं. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडं बघितलेलं तेवढंच. मग ते व्हीलचेअरसमोर उकिडवे बसले आणि दस्तूचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"न्हाई, बाळा," ते म्हणाले. "ऊन पाठीमागनं हाय. तू बस निवांत."